‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’



जन्मभर मीं शाळेंत इंग्रजी आणि शास्त्र हे दोन विषय शिकविले. ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ या ज्या दोन शब्दांविषयीं आज बोलावयाचें आहे, ते या दोन्ही विषयांच्या शिवेवर उभे आहेत, आणि त्या शिवेवर मी स्वतः एकदां घसरलों आहें. तें पुढें सांगेन.

साधारण कोशांत दोहोंपुढें ‘वेग’ असाच अर्थ आढळतो. बोलण्यांतले इंग्रजही फारसा भेद करीत नाहींत. ‘स्पीड’ हा त्यांचा घरचा शब्द. त्याचा जुना अर्थ यश, भरभराट असा होता. ‘व्हेलॉसिटी’ लॅटिनमधून आला, आणि मुळांत त्याचाही अर्थ शीघ्रता एवढाच. दिशेची कल्पना त्यांत शास्त्रज्ञांनीं घातली. एकोणिसाव्या शतकांत हॅमिल्टन या आयरिश गणित्यानें ‘व्हेक्टर’ हा शब्द गणितांत आणला. आपण त्यास ‘सदिश’ म्हणतों. व्हेलॉसिटी ही सदिश राशि, तर स्पीड हें केवळ माप, त्यास दिशा नाहीं. मराठी पाठ्यपुस्तकांत यांस अनुक्रमें ‘वेग’ आणि ‘चाल’ म्हणतात. ‘चाल’ मला फारसा रुचत नाहीं. गाण्याला चाल, बुद्धिबळांतही चाल! पण शब्द रूढ झाला, तेव्हां वाद नको.

उदाहरण आपल्या नेहमींच्या गाडीचें घेऊं. १९३० सालीं सुरू झालेली दख्खनची राणी सकाळीं पुण्याहून मुंबईस जाते. रुळांवरून अंतर १९२ किलोमीटर, वेळ सुमारें सवातीन तास; म्हणजे सरासरी चाल ताशीं साठाच्या आंतबाहेर. परंतु नकाशावर सरळ रेघ ओढली तर हीं दोन शहरें सुमारें १२० किलोमीटरच दूर आहेत. म्हणून गाडीचा सरासरी वेग निघतो ताशीं सुमारें ३७ किलोमीटर, आणि त्याबरोबर दिशाही सांगावी लागते : पश्चिम व वायव्य यांच्या मधोमध. संध्याकाळीं त्याच गाडीनें परतून कोणी पुण्याच्या त्याच फलाटावर उतरला, तर दिवसभराचा त्याचा सरासरी वेग किती? शून्य! ३८४ किलोमीटर प्रवास केलेल्या थकल्या गृहस्थास हें सांगूं नये, पण गणित बरोबर आहे.

ही नुसती शब्दांची कसरत आहे असें कोणास वाटेल. त्यानें मोटारींतून खंडाळ्याचा घाट चढून पाहावा. वळणावर चालकापुढचा कांटा तिसावर स्थिर आहे. तरी आपण बाहेरच्या अंगास कलंडतों. चाल बदलली नाहीं, दिशा बदलली. म्हणजे वेग बदलला. आणि वेग बदलावयाचा तर बळ लागतें, हा न्यूटनचा नियम. तें बळ चाकें व रस्ता यांच्या घर्षणांतून मिळतें. पावसांत रस्ता निसरडा झाला कीं तें अपुरें पडतें, आणि कांटा तिसावर असूनही गाडी सरळ कठड्याकडे जाते. त्या कांट्याला दिशा कळत नाहीं. तो फक्त स्पीड दाखवितो.

आतां माझी घसरण. एका परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता : घाण्याचा बैल एकसारख्या पावलांनीं फिरत आहे, त्याचा वेग एकसमान आहे काय? एका मुलानें लिहिलें, “नाहीं, कारण बैल सारखा वळत असतो.” मीं त्यास शून्य दिलें. इतकेंच नव्हे, तर “बैल वळतो, पण तुझी बुद्धि वळत नाहीं,” असें भर वर्गांत म्हणालों. वर्ग हंसला. त्यानंतर त्या मुलानें माझ्या तासाला कधीं हात वर केला नाहीं.

पुस्तकांतली व्याख्या मला पाठ होती, पण प्रश्न तपासतांना मीं ‘वेग’ शब्द घरांत बोलतों त्या अर्थानें घेतला. पुढें कांहीं वर्षांनीं तोच धडा शिकवितांना फळ्यावर वर्तुळ काढलें, त्यावर दिशेचे बाण काढूं लागलों, आणि हात थांबला. तोंवर मुलगा शाळा सोडून गेला होता.

तो आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. रेडिओजवळ असल्यास त्यानें ऐकावें : बाळ, तुझें उत्तर बरोबर होतें.