मूत्राशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : यश कशावर ठरते?

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मूत्राशयच काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया झाल्यानंतर रुग्णाचे पुढे काय होईल, या प्रश्नाला सर्वसाधारणपणे एकच उत्तर दिले जाते, ते म्हणजे रोग किती पसरला आहे त्यावर सारे अवलंबून असते. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. एकाच टप्प्यावरच्या रोगासाठी एकच शस्त्रक्रिया झालेल्या दोन रुग्णांची वाटचाल पुष्कळदा वेगळी होते आणि त्या फरकाची कारणे केवळ गाठीत शोधून सापडत नाहीत. शस्त्रक्रिया कोणी, कोठे, केव्हा आणि किती काटेकोरपणे केली, तसेच ती सोसणारे शरीर कोणत्या अवस्थेत होते, या गोष्टींचाही त्या फरकात मोठा वाटा असतो.

मूत्राशय ही ताणली जाणारी पोकळ पिशवी असून तिच्या आतून अस्तर असते, अस्तराखाली एक पातळ थर, त्याबाहेर स्नायूचा जाड थर आणि सर्वांत बाहेर चरबी असते. निदानाच्या वेळी साधारणपणे चारांपैकी तीन रुग्णांमध्ये रोग अस्तरापुरता किंवा त्याखालच्या पातळ थरापुरताच मर्यादित असतो, आणि तो मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढता येतो. त्यानंतर गरजेनुसार बीसीजी, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या लशीत वापरले जाणारेच क्षीण केलेले जंतू, मूत्राशयात सोडून रोग परतण्याची शक्यता कमी केली जाते. रोग स्नायूपर्यंत पोचला की हा उपाय पुरत नाही. मग संपूर्ण मूत्राशय, पुरुषांमध्ये त्याबरोबर प्रोस्टेट व वीर्यकोश, स्त्रियांमध्ये बहुधा गर्भाशय व योनीच्या पुढच्या भिंतीचा काही भाग आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी काढल्या जातात. लसिका ग्रंथी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या कडेने असलेल्या, शरीरातील द्रव गाळणाऱ्या लहान गाठी. मूत्राशयाबाहेर पडलेल्या कर्कपेशी बहुतेक वेळा प्रथम तेथे अडकतात.

रोगाच्या टप्प्याचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीवरून दिसते. १९७१ ते १९९७ या काळात तेथे शस्त्रक्रिया झालेल्या १०५४ रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर रोग न परतलेल्यांचे प्रमाण ६८ टक्के होते. परंतु ज्यांच्या लसिका ग्रंथींत रोग सापडला होता, अशा जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांमध्ये ते ३५ टक्क्यांवर उतरले. गाठीच्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असणे, पेशींचा प्रकार दुर्मीळ व आक्रमक असणे, मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंडाला सूज आलेली असणे, हीदेखील गंभीर लक्षणेच होत. या गोष्टी डॉक्टरांच्या हाती नसतात.

ज्या हाती असतात, त्यांच्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष नेमकेपणाने वेधले गेले ते एका वेगळ्याच कारणाने. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी देण्याचा उपयोग होतो का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत १९८७ ते १९९८ या काळात अनेक रुग्णालयांनी मिळून एक चाचणी घेतली आणि तिचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटातील आयुर्मानाचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ४६ महिने होता. आधी केमोथेरपी घेतलेल्या गटात तो ७७ महिने निघाला. औषधाविषयीचा हा निष्कर्ष महत्त्वाचा होताच, पण न्यूयॉर्कचे शल्यविशारद हॅरी हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच चाचणीची कागदपत्रे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पुन्हा तपासली. मूत्राशय काढलेल्या २६८ रुग्णांवर १०९ संस्थांमधील १०६ शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केल्या होत्या, म्हणजे सरासरीने एकेका शल्यविशारदाच्या वाट्याला तीन रुग्णही आले नव्हते. त्यांपैकी २४ जणांच्या लसिका ग्रंथी काढल्याच नव्हत्या आणि ९८ जणांच्या अगदी मर्यादित भागातून काढल्या होत्या. ज्यांच्या दहा किंवा अधिक ग्रंथी काढल्या गेल्या आणि कापलेल्या कडांवर रोग शिल्लक राहिला नाही, ते रुग्ण अधिक जगले. आणि केमोथेरपी घेतली की नाही, वय किती, रोगाचा टप्पा कोणता, हे सारे हिशेबात धरूनही हा फरक टिकून राहिला. एकाच चाचणीत, एकाच नियमावलीखाली इतकी असमान शस्त्रक्रिया व्हावी, ही गोष्ट अस्वस्थ करणारी होती आणि आजही आहे.

दहा या आकड्याचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. काढलेल्या ऊती पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतात तेव्हा लसिका ग्रंथी सुट्या दिसत नाहीत. पिवळ्या चरबीच्या गोळ्यात त्या रुतलेल्या असतात, आणि तपासणारा त्या चरबीत बोटांनी चाचपून, कापून, मसुरीएवढी किंवा त्याहूनही लहान गाठ शोधून काढतो. शल्यविशारदाने सगळी चरबी मूत्राशयाबरोबर एकाच डब्यात पाठवली तर कमी ग्रंथी सापडतात. तीच चरबी उजवीकडची, डावीकडची, अमुक रक्तवाहिनीजवळची अशी वेगवेगळ्या डब्यांत पाठवली तर अधिक सापडतात. अहवालातला आकडा अशा रीतीने दोन माणसांच्या चिकाटीचा मिळून बनलेला असतो, आणि तो लहान असला म्हणजे शस्त्रक्रिया अपुरीच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही.

अधिक ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत असेल तर पोटात आणखी वरपर्यंत जाऊन त्या काढाव्यात, असा तर्क पुढे आला आणि अनेक केंद्रांनी तो स्वीकारलाही. पण तर्क आणि पुरावा यांत अंतर असते. जर्मनीतील एका चाचणीत असा विस्तार निर्णायकपणे लाभदायक ठरला नाही. त्यानंतर अमेरिका व कॅनडातील २७ केंद्रांवर ५९२ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीत मध्यांकाने २४, तर विस्तारित पद्धतीत ३९ ग्रंथी निघाल्या, तरी आयुष्य वाढले नाही. उलट गुंतागुंत वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतले मृत्यूही विस्तारित गटात अधिक झाले. ओटीपोटातली नेहमीची ग्रंथीशस्त्रक्रिया नीट आणि पूर्ण करावी, तिच्यापलीकडे जाण्याचा हव्यास धरू नये, एवढाच अर्थ या दोन्ही पुराव्यांतून निघतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीचा लाभ सिद्ध होऊनही तो प्रत्येकाला मिळत नाही, कारण तिच्यातील मुख्य औषध सिस्प्लॅटिन हे मूत्रपिंडावर ताण आणते आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्यांना ते देता येत नाही. अलीकडे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी इम्युनोथेरपीही तिच्या जोडीला आली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमोथेरपीबरोबर व शस्त्रक्रियेनंतर ड्युरवालुमॅब हे औषध दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर ८२ टक्के रुग्ण हयात होते, तर केवळ केमोथेरपी व शस्त्रक्रिया झालेल्या गटात ७५ टक्के. किंमत हा भारतातील बहुसंख्य कुटुंबांपुढचा अडसर आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

काळाचा प्रश्न अधिक साधा आहे. स्नायूपर्यंत रोग पोचल्याचे निदान झाल्यावर, केमोथेरपी द्यायची नसेल तर, शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आत व्हावी, असे अनेक अभ्यासांतून दिसते. त्यापुढचा उशीर महाग पडतो. निदानालाच होणारा उशीर तर त्याआधीचा. स्त्रियांच्या बाबतीत लघवीतून जाणारे रक्त वारंवार मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर ढकलले जाते, प्रतिजैविकांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, आणि दुर्बिणीची तपासणी लांबत जाते. स्त्रियांमध्ये रोग अधिक पुढच्या टप्प्यावर सापडण्याचे हे एक कारण मानले जाते.

मूत्राशय काढणे ही मूत्रविकारशास्त्रातील सर्वांत जड शस्त्रक्रियांपैकी एक आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या नामांकित केंद्रातही ११४२ रुग्णांच्या नोंदी बारकाईने पाहिल्या तेव्हा ६४ टक्के रुग्णांना ९० दिवसांत काही ना काही गुंतागुंत झाल्याचे आढळले, आणि त्यांत आतड्यांची हालचाल मंदावण्यासारख्या पचनसंस्थेच्या तक्रारी सर्वाधिक होत्या. अशा शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण कमी असते, हेही अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांनी दाखवले आहे; त्यामागे केवळ शल्यविशारदाचा हात नसतो, तर बिघाड वेळीच ओळखणारी परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग ही सारी सवयीची साखळी असते. विदर्भ-मराठवाड्यातील रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो तेव्हा त्याचे गणित बहुतांशी बरोबर असते, मात्र प्रवास आणि प्रतीक्षा यांत महिने जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जाते व रुग्ण थोडा लवकर घरी जातो, पण रोगावरचे नियंत्रण उघड्या शस्त्रक्रियेइतकेच असते.

रुग्णाचे शरीर हा उरलेला घटक, आणि यावरच कुटुंबाला सर्वाधिक काम करता येते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणे, स्नायू झिजलेले असणे व रक्तक्षय यांमुळे धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यांत डाळ, अंडी, दूध यांसारखा प्रथिनयुक्त आहार आणि रोजचे चालणे यांचे मोल औषधाइतके आहे. तंबाखूचा धूर हे या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण; विडी-सिगारेट शस्त्रक्रियेआधी सुटली तर निदान फुप्फुसांच्या आणि जखमेच्या तक्रारी कमी होतात.

मूत्राशय गेल्यावर लघवीची वाट नव्याने बांधावी लागते. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत लहान आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरे टोक पोटावर लहान लालसर तोंडासारखे उघडतात. त्यावर पिशवी चिकटवली जाते. काही रुग्णांमध्ये आतड्याचा अर्धा मीटरहून लांब तुकडा उभा चिरून, घडी घालून, शिवून त्याचेच नवे मूत्राशय बनवता येते, पण त्यासाठी मूत्रपिंडे चांगली हवीत आणि रुग्णाने वेळेवर लघवीला जाण्याची शिस्त पाळावी लागते. आतडे लघवीतले काही क्षार पुन्हा रक्तात शोषून घेते, त्यामुळे रक्तातील आम्लता वाढू शकते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील तुकडा वापरला गेल्याने काही वर्षांनी ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते. म्हणून पाच वर्षे रोग परतला नाही तरी मूत्रपिंडांची सोनोग्राफी, रक्तातील क्षार आणि ब-१२ यांची तपासणी थांबवू नये, आणि पॅथॉलॉजीचा मूळ अहवाल, ज्यात कडा व ग्रंथी यांची नोंद असते, तो घरात जन्मभर जपून ठेवावा.