सवयीला खुंटी हवी

२१ दिवस नेटाने केलं की कुठलीही सवय लागते, असा निरोप व्हॉट्सॲपवर कुणी ना कुणी पाठवत असतंच. या आकड्याचा उगम कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढे त्यातलं ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला, दिवस तेवढे उरले. आणि जानेवारीत सुरू केलेलं पहाटेचं फिरणं बाविसाव्या दिवशीही जिवावर आलं, की माणूस स्वतःच्याच जिद्दीला बोल लावतो. घरचेही ऐकवतात, तेरड्याचा रंग तीन दिवस!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट मोजून पाहिली. अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एकच साधं काम निवडलं. कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाणी, कुणी संध्याकाळचं पळणं. बारा आठवडे ते रोज एकाच प्रसंगाला जोडून करायचं आणि आज ते किती आपसूक झालं, ते नोंदवायचं. काम अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील, असा हिशेब आला. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला. मला यातला सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष वेगळाच वाटतो. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. ‘खंड पडला, आता पुढच्या सोमवारपासून’ या आपल्या लाडक्या सबबीला त्यातून फारसा आधार मिळत नाही.

त्या प्रयोगात सगळ्यांना एकच अट होती, काम रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडायचं. ‘मी व्यायाम करीन’ असा नुसता संकल्प सोडण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता जास्त असते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी नव्वदच्या दशकातच मांडलं होतं. नवी सवय भिंतीला चिकटत नाही, ती अडकवायला आधीपासून ठोकलेली खुंटी लागते. आपल्या घरांत अशा खुंट्यांना तोटा नाही. दुधाची पिशवी दारात येते, नळाला पाणी येतं, मुलांची स्कूलबस येते, कुकरच्या शिट्ट्या होतात, ७.४२ ची लोकल असते, संध्याकाळी देवापाशी दिवा लागतो. या गोष्टींसाठी कुणाला गजर लावावा लागत नाही.

रात्रीचं जेवण ही त्यातली सगळ्यांत भक्कम खुंटी. डोंबिवली-वसईकडच्या नोकरदार घरात ते बहुधा नऊ-साडेनऊला होतं. पोळी किंवा भात पोटभर, समोर मालिका, ताट उचललं की सोफ्यावर लवंडायचं आणि तासाभरात झोप. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप-टू मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक साधी तुलना केली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. काही दिवस त्यांनी रोज ३० मिनिटं वाटेल तेव्हा चालायचं आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. एकूण चालणं तेवढंच. तरीही जेवणानंतर चालल्यावर रक्तातली साखरेची उसळी सरासरी १२ टक्क्यांनी कमी आली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. कारण उघड आहे. अन्नातली साखर रक्तात उतरत असते त्याच वेळी मांडीचे-पोटऱ्यांचे मोठे स्नायू हलायला लागले, की ते ती साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. फार उशिरा चाललं तर उसळी येऊन गेलेली असते.

म्हणजे आजी-आजोबांची शतपावली. तिला बूट लागत नाहीत, फी लागत नाही. इमारतीचं पार्किंग, गच्ची, चाळीची गॅलरी, पावसाळ्यात घरातच हॉल ते स्वयंपाकघर, कुठेही जमते. ताटं उचलली की चपला पायात, एवढाच क्रम ठरवायचा. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

‘आमच्याकडे कुणी जाड नाही, आम्हाला कशाला हे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. शेजारी उभे आहेत त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार ही भारतीय शरीराची ठेवण याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांमध्ये जन्मतःच दाखवून दिली. त्यामुळे आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात मधुमेहींचा अंदाज होता १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा १३ कोटी ६० लाख.

आता ताटाकडे. आहारावरून मराठी घरांत जेवढे वाद झाले, तेवढे राजकारणावरूनही झाले नसतील. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित खरे, की दर दोन तासांनी थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर खऱ्या, यावर साखरपुड्याच्या पंगतीत गट पडलेले आहेत. (दोन्ही गट जिलबी मात्र सारखीच घेतात.) मला विचाराल तर रोजच्या ताटाची मांडणी पाहिल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नव्या आहार-मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं असं, की धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये. प्रत्यक्षात ती कितीतरी वर जाते. डाळी, कडधान्यं, भाज्या कमी पडतात.

गंमत म्हणजे पारंपरिक मराठी ताटात या सगळ्याला जागा आहे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. बिघाड झाला तो प्रमाणात. डावी बाजू चमचाभर उरली, उसळ रविवारपुरती आली आणि मधला भात-पोळीचा भाग पसरला. नाश्त्याला पोहे, उपमा, इडली, म्हणजे पुन्हा धान्यच. उपासाला तर साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्टच. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. पोहे सोडा असं कुणी सांगू नये, ते कुणी ऐकणारही नाही. त्याच पोह्यांत मूठभर मटार आणि शेंगदाणे वाढवले, वर मोड आलेली मटकी घातली, पोह्यांचं माप थोडं कमी केलं, की डिश तीच राहते आणि साखर हळू चढते. कोशिंबीर चमच्याऐवजी वाटीत वाढायची आणि जेवायला तिच्यापासूनच सुरुवात करायची. भाज्या आणि प्रथिनं आधी, भात-पोळी नंतर, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या अभ्यासातही दिसलं आहे. पहिला वरणभात आणि वर तुपाची धार हा आपला क्रम बदलणं जिवावर येईल, हे मान्य आहे.

तेलाचा हिशेब लोक सहसा करत नाहीत. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ४० मिलि तेल पोटात जातं. बाहेरचं वडापाव-फरसाण वेगळंच. डब्यातून कढईत थेट धार सोडण्याऐवजी चमच्याने मोजायचं ठरवलं, तरी महिनाअखेर कॅनमध्ये फरक दिसतो. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचा, अशी घातली आहे. पापड आणि लोणचं एकाच जेवणात घेणाऱ्यांनी आपापलं गणित करावं.

पण मटकी भिजवायची कुणी? सवयींवरचे लेख हा प्रश्न टाळतात, कारण तो अवघड आहे. मटकी सकाळी धुऊन भिजत घालायची, रात्री निथळून फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड आलेत का ते पाहायचं. थंडीत अजून एक दिवस वाट पाहायची. नवऱ्याला साखर निघाली की त्याचं पथ्य सुरू होतं, आणि ते सांभाळण्याचं काम बायकोला लागतं. त्याची वेगळी भाजी, मुलांची वेगळी, सासूबाईंना मऊ भात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं होता, पुरुषांचा ८८. अशा घरात ‘पौष्टिक खा’ हा सल्ला तिच्या कामात अर्ध्या तासाची भर घालून संपतो. आणि तिचा स्वतःचा व्यायाम? ‘दिवसभर उभीच असते की मी’ म्हणून तो मागे पडतो. उभं राहून पाय दुखतात हे खरं, पण दम लागेल असं चालणं त्यात क्वचितच असतं. म्हणून ज्याची सवय त्याने मटकी भिजवावी, निथळावी आणि बांधावी. सकाळी दूध तापायला ठेवलं की वाटीत पाणी घालायचं, रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवण्याआधी फडकं बांधायचं. हे कुठल्याही पुरुषाला येतं.

व्यायामाचं माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये थोडं सोपं केलं. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताण. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी श्रम धरू नयेत असं होतं, ती अट काढून टाकली. म्हणजे स्टेशनचा जिना चढलेला मोजायचा. दहा हजार पावलांचं मात्र मनावर घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ साली वयस्कर अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोकासुद्धा २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होता, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढत गेला नाही.

स्नायूंच्या ताणाकडे आपलं जास्त दुर्लक्ष आहे. जमिनीवर बसणं-उठणं घरातून गेलं आणि साठीत गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय उठता येईना. त्यावर महाराष्ट्राला नवं काही शोधायची गरज नव्हती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले आणि १९३८ साली इंग्रजी वाचकांसाठी त्यांचं पुस्तकही निघालं. सूर्यनमस्कार झेपत नसतील त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसावं. चहा उकळेपर्यंत होतं.

मनाच्या बाबतीत आपण उलट चूक करतो, एकदम मोठं काहीतरी करायला जातो. इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांनी उभारलेल्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून माणसं परत येतात, सकाळ-संध्याकाळ तासभर बसायचा सल्ला घेऊन. काहींचं टिकतं, पुष्कळांचं घरी आल्यावर आठवडाभरात विरतं, कारण घरात त्या तासाला जागाच नसते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताण कमी करण्याचा वर्ग सुरू केला. त्यातला एक प्रसिद्ध धडा एका मनुक्याचा आहे. तो पाहायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. आपल्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणून थांबायची रीत होतीच. श्लोक म्हणा किंवा म्हणू नका, पहिले पाच घास मोबाइल पालथा ठेवून खायचे, एवढं रोज जमण्यासारखं आहे. त्याला आधारही आहे. लक्ष दुसरीकडे ठेवून खाल्लं तर तेव्हाही जास्त खाल्लं जातं आणि पुढच्या वेळीही, असं २०१३ साली अनेक प्रयोग एकत्र तपासून दिसलं. काय खाल्लं हे नीट आठवत नाही, म्हणून पोट भरल्याची आठवणही कच्ची राहते.

हे सगळं ठरल्या वेळी जेवणाऱ्यांना सोपं. पाळ्यांत काम करणाऱ्यांचं काय? चाकणच्या कारखान्यातला कामगार, वॉर्डातली नर्स, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, यांची पाळी दर आठवड्याला बदलते. त्यांना ‘रोज सकाळी सहाला’ हे सांगणं निरुपयोगी आहे. तिथे घड्याळ सोडून घटनेला धरावं लागतं. युनिफॉर्म उतरवला की दहा मिनिटं चालणं, डबा उघडला की आधी काकडी-गाजर, पाळी कुठलीही असो. त्यातही अर्धीच गोष्ट माणसाच्या हातात असते. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये वडापाव आणि दोन चमचे साखरेचा चहा यांशिवाय काही मिळत नसेल, तर उकडलेली अंडी, उसळ आणि बिनसाखरेचा चहा ठेवायला लावणं हे काम पाळीप्रमुखाचं आणि युनियनचं आहे. बोनसच्या वाटाघाटींत तेवढा एक मुद्दा घालायला पैसे पडत नाहीत.