पाळण्यात बसू, पण पिन पाहून!

संत्र्याच्या अंबिया बहाराचा तोडा उरकत आला की आमच्या वरुडात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक भावाची आणि दुसरी बहिरमच्या यात्रेची. भाव बहुधा पडलेलाच असतो, त्यामुळे पहिली चर्चा लवकर संपते. दुसरी मात्र थंडीत शेकोटीभोवती चांगली रंगते.

चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी ही यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी सरेपर्यंत चालते. मोठ्यांना तिथले रोडगे आणि हंडीतले मटण आठवते. पोरांना आठवतो तो आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि कनातीतली ‘सापाच्या अंगाची बाई’. मोलमजुरी करणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी करमणुकीची बाग म्हणजे हीच. तिला भिंत नाही, भले मोठे प्रवेशद्वार नाही, आणि खिशात असतील तेवढ्या पैशांत जमेल तेवढे पाहता येते.

यंदा वस्तीतल्या वाचनालयाच्या ओट्यावर या विषयाने चांगलाच पेट घेतला. निमित्त झाले आमच्या पुतण्याचे. तो पुण्याला कारखान्यात कामाला आहे. मित्रांसोबत खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ला जाऊन आला होता.

“काका, तुमच्या यात्रेतल्या पाळण्यात काय हाय? तिथं त्या निट्रोत एकदा बसून पाहा. पाय लोंबते रायतात, खाली फरशीच नाई! पाच डाव माणूस उलटा होते!”

शेजारच्या पोट्ट्याला हे पटले नाही. “अबे, तिथं तू नुसता बसून रायतो. मौत का कुआँत माणूस सोता गाडी चालवते. हिंमत कोणाची, तुही का त्याची?”

वाद वाढला. तेव्हा आमच्या पुतणीने, जी सध्या बी.एस्सी.ला आहे, एकच प्रश्न विचारला. “ते सारं बराबर हाय. पण मले सांगा, त्याचा ब्रेक कोठी असते?”

ओटा एकदम गप्प झाला. तिथे बसलेल्या मिस्त्रीकाकांच्या चेहऱ्यावर मात्र हसू आले. एसटीच्या आगारात पस्तीस वर्षे गाड्यांखाली झोपून काढलेला हा माणूस. ते म्हणाले, “पोरीनं बराबर जागी हात घातला.” त्या संध्याकाळी जे बोलणे झाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले.

गाडीला इंजिनच नाही

रायगड जिल्ह्यातले इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. त्याआधी आमच्या लहानपणी मोठ्या पार्कचे एकच नाव ठाऊक होते. १९८९ साली मुंबईत गोराईला सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली की आम्ही हातातला घास हातातच धरून बसायचो. ते पार्क अलीकडच्या वर्षांत बंद झाले. आम्हांला ते पाहता आले नाही, ते नाहीच.

इमॅजिकातला निट्रो हा झुला स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेला आहे. उंची सुमारे ४० मीटर. गंमत अशी की त्या गाडीला इंजिन नसते. साखळी तिला ओढत पहिल्या चढावर नेते आणि सोडून देते. पुढचे सारे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. पुतणीने पाटीवर हिशोब मांडला. चाळीसला १९.६ ने गुणले की येतात ७८४, त्याचे वर्गमूळ २८. म्हणजे तळाशी वेग सेकंदाला २८ मीटर, ताशी सुमारे १०० किलोमीटर. पार्कवाले जो वेग सांगतात तो याच्या जवळपासच आहे. आम्ही बी.कॉम. झालेले. आयुष्यभर जमाखर्च लिहिला. पण निसर्गाचा जमाखर्चही असा पैशाला पैसा जुळतो, हे पाहून मन हरखले. चढताना उंचीच्या खात्यात जमा झाले, तेच उतरताना वेगाच्या खात्यात खर्ची पडले.

मग ब्रेक? तो गाडीला नसतो, रुळावर असतो. अनेक झुल्यांत हवेच्या दाबाने ब्रेकचे जबडे उघडे धरलेले असतात. वीज गेली, हवा गेली, की जबडे आपोआप मिटतात. “आपल्या मोठ्या गाड्यांच्या हॅन्डब्रेकचंही असंच असते,” मिस्त्रीकाका म्हणाले, “हवा संपली की गाडी जागची हालत नाई.” शिवाय सारा मार्ग रेल्वेसारखा टप्प्याटप्प्यांत वाटलेला असतो. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागची सुटतच नाही.

ही अक्कल एका दिवसात आली नाही. १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने उतारावरची पहिली गाजलेली गाडी चालवली. भाडे पाच सेंट. पुढे १८९५ मध्ये तिथेच रुळांचा पूर्ण गोल वेढा बांधला, तर माणसांच्या मानांना जबर झटके बसू लागले. गाडी त्या गोलात शिरताच अंगावर एकदम भार येई. तो दोष नीट निघायला १९७६ उजाडले. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांनी वेढा गोल न ठेवता पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता केला. दरम्यान जॉन मिलर यांनी १९१९ साली रुळाच्या खालूनही चाक बसवण्याचे पेटंट घेतले होते. म्हणून आज गाडी कितीही उधळली तरी रूळ सोडत नाही.

तात्पर्य, मोठ्या पार्कात माणूस ओरडतो तो खोट्या भीतीने. ती भीती खोटी राहावी म्हणून खालचे लोखंड मात्र खरे ठेवावे लागते.

मौत का कुआँ आणि गोफण

आता यात्रेतल्या कुव्याचे पाहू. फळ्यांची गोल विहीर, वर कठड्याला टेकलेली माणसे, आणि आत उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारा जवान. हा खेळही मूळचा अमेरिकेचा. १९११ च्या सुमारास तो कोनी आयलंडच्या जत्रेत आला. पण आपल्याकडे तो इतका रुजला की आज त्यात मोटारकारही फिरते.

तो पडत का नाही? शेतात पाखरे हाकलताना गोफण फिरवली की दगड बाहेर पळू पाहतो, दोरी त्याला आत ओढून धरते. कुव्यात दोरीचे काम भिंत करते. गाडी भिंतीवर जितकी जोराने दाबली जाते, तितकी टायरची पकड वाढते, आणि ती पकडच तिला वर तोलून धरते. ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा वेग पुरतो. पण वेग कमी झाला, टायर घसरला किंवा इंजिन बंद पडले, तर खाली धरायला काही नाही. डोक्यावर हेल्मेट नाही, हाताने प्रेक्षकाची नोट घ्यायची. पोट्ट्याचे म्हणणे खरेच होते. इथे हिंमत त्या माणसाची आहे. मात्र इथली भीती खोटी नाही. आपण टाळ्या वाजवतो त्या एका मजुराच्या जिवावर, एवढे भान असू द्यावे.

आरशामागची मुलगी

पुतणीचा दुसरा प्रश्न सापाच्या अंगाच्या बाईबद्दल होता. टेबलावर सापाचे वेटोळे, त्यावर बाईचे डोके, आणि टेबलाखाली सारे मोकळे दिसते. ते डोके बोलते, हसते, भविष्य सांगते. आया-बाया हात जोडतात, नाणी टाकतात.

वस्तुतः टेबलाच्या पायांमध्ये तिरके आरसे बसवलेले असतात. आरशात बाजूचे कापड दिसते, आपल्याला वाटते मागचे दिसते. आरशाच्या मागे मुलगी बसलेली असते. १८६५ साली लंडनच्या रंगमंचावर हीच युक्ती दाखवून लोकांना थक्क केले होते. त्याच्या तीन वर्षे आधी, १८६२ मध्ये, पेपर नावाच्या प्राध्यापकांनी काचेवरच्या प्रतिबिंबाने रंगमंचावर भूत उभे केले. अमेरिकेतल्या डिस्नेलँडच्या भूतबंगल्यात १९६९ पासून हीच काचेची करामत चालू आहे. तिथले प्रेक्षक ‘काय युक्ती आहे!’ म्हणून टाळी वाजवतात. आपल्याकडे मात्र कोणी नारळ आणतो.

पुतणी म्हणाली, “काका, म्या मागच्या साली पाह्यलं, तिच्या कपायावरून घाम गयत होता. सापाले घाम कसा येईन?” खेळ पाहावा, तिकीट काढावे, कलेचे पैसे द्यावेत. आरशामागे तासन्‌तास आखडून बसणाऱ्या मुलीची ती मजुरीच आहे. पण हात जोडू नयेत. ‘हे कसे केले?’ हा प्रश्न लेकरांच्या तोंडी आला की अर्धी पुरोहितगिरी तिथेच संपते.

बोल्टच्या जागी तार

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका जत्रेत आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची, पाळण्यात बसली होती. मिस्त्रीकाका सोबत होते. पाळणा सुटणार तेवढ्यात ते ओरडले, “थांबव! पोरीले उतरव!” तिच्या पुढचा आडवा दांडा अडकवायची पिन नव्हती. तिथे बांधकामाची तार दोन पीळ देऊन गुंडाळली होती. पाळणा चालवणारा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, रात्री त्याच पाळण्याखाली झोपणारा. मालक म्हणाला, “वीस वर्षांत काई नाई झालं, आजच होते का?” वाद झाला, गर्दी जमली. लोक आमच्यावरच वैतागले, कारण त्यांचा नंबर आला होता. शेवटी मालकाने पेटीतून पिन काढून लावली. दहा मिनिटांचे काम. पिनेची किंमत चहाएवढी. आम्ही घरी आलो, तरी रात्री हातपाय थरथरत होते.

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून कोसळला. त्यात माणसे मेली, पंचवीसहून अधिक जखमी झाली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीच्या मेळ्यात उंच पाळणा माणसांसकट खाली आदळला. पाळणा अचानक मोडला असे आपण म्हणतो. पण मिस्त्रीकाका सांगतात, लोखंड एकदम मोडत नाही. आधी केसाएवढा तडा जातो, मग तो वाढतो. पाहणारा असेल तर दिसतो.

इथे एक माहिती मुद्दाम द्यावीशी वाटते. आकाशपाळण्याचे जनक जॉर्ज फेरिस. पॅरिसने १८८९ साली आयफेल टॉवर उभारला, त्याला उत्तर म्हणून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी २६४ फूट उंचीचे चक्र फिरवले. त्याला ३६ डबे, एका डब्यात ६० माणसे. म्हणजे एका वेळी २,१६० माणसे हवेत! या फेरिस यांचा मूळ धंदा कोणता? पुलांना लागणाऱ्या पोलादाची तपासणी करणे. पहिला प्रचंड पाळणा एका तपासनिसाने उभा केला, आणि आपण मात्र तपासणीच विसरलो.

आपण काय करावे?

मोठ्या पार्कात घेतली जाणारी काळजी गरिबाच्या पाळण्यात का नसावी? आपल्या लेकरांचा जीव काही कमी तिकिटाचा नाही. म्हणून पालकांनी एवढे करावे.

बसण्याआधी पाळणा एक फेरी रिकामा फिरताना पाहावा. करकर वाजतो का, झोकांड्या खातो का? पायाखालचे लाकडी ठोकळे ओल्या मातीत रुतले असतील तर बसू नये. पुढचा दांडा स्वतः हलवून पाहावा, पिन आहे की तार, हे बोटाने चाचपावे. मुलींनी ओढणी कमरेला बांधावी, मोकळे केस आवरावेत. मोठ्या माणसांनी एकाच बाजूला गर्दी करू नये, चक्राचा तोल जातो. चालवणारा दांडा सोडून मोबाईलवर बोलत असेल किंवा त्याने दारू घेतलेली असेल, तर पैसे परत मागावेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे अर्ज. सार्वजनिक ठिकाणी असे खेळ लावायला परवानगी लागते. ती देताना यंत्राच्या तपासणीचा दाखला पाहिला का, हे नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला, पोलीस ठाण्याला लेखी विचारावे. पोच घ्यावी. उत्तर नाही आले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दाखल्याची प्रत मागावी. आम्ही कारकून आहोत. कागदाची ताकद आम्हांला ठाऊक आहे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, पोच घेतलेल्या अर्जाला कोणाला तरी उत्तर द्यावेच लागते. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी वाचनालयात यावे, लिहून देऊ.

आणि दीक्षाभूमीला जाल तेव्हा नागपुरातच गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात लेकरांना अर्धा दिवस घेऊन जा. १९९२ पासून ते सुरू आहे. पाळणा, आरसा, गती यांचे नियम तिथे हात लावून पाहता येतात.

यंदा पुतण्याने सर्वांना खोपोली दाखवायचा बेत केला आहे. आम्ही वहीत खर्च मांडला. वरूड ऑरेंज सिटी स्टेशनपासूनचे भाडे, मुक्काम, तिकिटे. सहा जणांचा आकडा पाहून वही मिटली. पुढच्या बहाराला भाव मिळाला तर पाहू. तोवर बहिरम आहेच. मुलगी आता दहावीत गेली. परवा यात्रेत पाळण्यात बसली, पुढचा दांडा हलवून पाहिला आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, “मावशी, तुमचीही पिन पाहून घ्या.”