अंगठा आणि काटा

कढईतलं दूध निम्म्यावर आलंय. कळंबहून येरमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शेताच्या कडेला ही खव्याची भट्टी. खाली लाकडं धडधडताहेत, वर तात्या लांब दांड्याचं उलथणं बुडाला घासून फिरवताहेत. हात थांबला की दूध करपणार, म्हणून बोलतानाही त्यांची नजर कढईतच आहे.

शेजारी त्यांची पुतणी उभी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात ती अन्नतंत्रज्ञान शिकते. बुडाला भोक पाडलेल्या स्टीलच्या पेल्यात ती कढईतलं दूध घेते, बूच काढते आणि मोबाइलवर सेकंद मोजते. पेला रिकामा व्हायला मघापेक्षा जास्त वेळ लागतो. ती वहीत लिहून घेते. दूध गरम असलं की पातळ वाहतं, गार झालं की दाट. पण उकळी एकसारखी राहिली तर तापमान फारसं हलत नाही, म्हणून तिची तुलना चालते. प्रयोगशाळेत हेच काम व्हिस्कोमीटर करतो. द्रवात बुडवलेली दांडी फिरवायची आणि तिला किती अडथळा होतो ते वाचायचं.

दूध आळत जातं. पाणी उडालंय, प्रथिनं गोळा होताहेत, आणि पेल्याचं भोक तुंबतं. आता मोजणार कसं?

"जड लागाय लागलं बघ," तात्या म्हणतात.

"किती जड, तात्या?"

"हाताला कळतंय की."

गोळा कढईची कड सोडतो, चकाकी कमी होते. तात्या लाकडं ओढून घेतात. पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा. पेढ्याला घट्ट पिंडी लागते, गुलाबजामला मऊ धाप, कलाकंदाला दाणेदार. यातलं काय उतरवायचं हे त्या शेवटच्या थोड्या वेळात ठरतं, आणि ते ठरवणारं ज्ञान सगळं या मनगटात आहे.

खवा निवल्यावर पुतणी सारख्या मापाचे चौकोनी तुकडे पाडते. एक तुकडा डिजिटल काट्यावर ठेवून सपाट बुडाची स्टीलची दांडी खुणेपर्यंत दाबते. आकडा सरसर चढतो, खूण आली की ती थांबते. पुन्हा तोच तुकडा, पुन्हा तेवढंच दाबणं. 1963 मध्ये अमेरिकेतल्या जनरल फूड्स कंपनीत अलिना शेस्नियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोताची ही मोजणी मांडली. यंत्रानं पदार्थ दोनदा दाबायचा, दोन घास घेतल्यासारखा. पहिल्या दाबातून घट्टपणा समजतो. दोन्ही दाब ताडून पाहिले की पदार्थ किती एकजीव राहतो, किती उसळून वर येतो ते कळतं. पुतणीच्या काट्यावर घट्टपणाच तेवढा दिसतो. तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

कारण दूध संकलन केंद्रावर फॅटचा आकडा यंत्र सांगतं आणि त्यावर दर ठरतो. खव्याच्या पोताला मात्र घेणाऱ्याचा अंगठा हेच माप. अंगठा दाबून तो "मऊ आहे" म्हणाला की दर उतरला. विकणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. शेजारच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण मिळालं ते चांगलंच झालं. तात्यांच्या हाताला कळतं तेही आकड्यात उतरलं पाहिजे, म्हणजे ते त्यांच्या बाजूनं उभं राहील.

दुपारी व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. तो खव्यावर अंगठा रोवतो.

"आज मऊ आलाय."

"काट्यावर दाबून बघा की," तात्या म्हणतात.

"काटा वजनाला असतोय, तात्या."

पुतणी काही न बोलता तुकडा काट्यावर ठेवते आणि दांडी त्याच्या हातात देते. तो दाबतो. आकड्याकडे बघतो. दुसरा तुकडा मागून घेतो, पुन्हा दाबतो.

"काल किती आला होता?" तो विचारतो. पुतणी वही उघडते.