परक्या शहरातला पत्ता आणि प्रवास

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बिडकीनसारख्या गावात पत्ता आणि प्रवास या दोन्ही गोष्टी मुख्यतः माणसांच्या भरवशावर चालतात. ‘मु. पो. बिडकीन, ता. पैठण’, म्हणजे मुक्काम आणि पोस्ट दोन्ही बिडकीन, एवढ्या मजकुरावर पत्र घरपोच होते, कारण पोस्टमन आडनावे आणि गल्ल्या ओळखत असतो. एसटीच्या पाटीवर केवळ ‘पैठण’ लिहिलेले असले तरी गाडी बिडकीनला थांबणार का, हे वाहकाला विचारता येते आणि गाव आले की बहुधा तोच आवाज देतो. परदेशात गेलेल्या नवख्या माणसाची पंचाईत होते ती तो अडाणी असतो म्हणून नव्हे, तर इकडे माणसांजवळ असलेली ही माहिती तिकडे पाट्या, बटणे आणि आकडे यांत वाटलेली असते आणि कोणती खूण कोणाचे काम करते हे त्याला कोणी सांगितलेले नसते म्हणून.

हा प्रश्न आता केवळ महानगरांतल्या सुशिक्षितांचा उरलेला नाही. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला असून त्यात परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांचा समावेश आहे. या उमेदवारांना जर्मन भाषा शिकवली जाते हे योग्यच आहे. पण व्याकरणाइतकेच तिथला पत्ता आणि तिकीट वाचणेही शिकवले पाहिजे.

जर्मन पत्त्यात आधी रस्त्याचे नाव, मग घर क्रमांक आणि त्याखाली पाच अंकी टपाल क्रमांक व शहर असा क्रम असतो. दोन जर्मनींच्या एकीकरणानंतर १ जुलै १९९३ पासून हे पाच अंक लागू झाले. भारतीय वाचकाला चकवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. तिथल्या बहुसंख्य इमारतींत सदनिकेला क्रमांक नसतो आणि पत्र पोहोचते ते खालच्या टपालपेटीवर व दारावरच्या घंटीवर लिहिलेल्या आडनावामुळे. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्याने पेटीवर स्वतःचे नाव लावले नाही, किंवा आपल्याकडे ‘द्वारा श्री. अमुक’ लिहितात तसा घरमालकाचा उल्लेख पत्त्यात केला नाही, तर बँकेचे किंवा सरकारी कार्यालयाचे पत्र परत जाते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करणे कायद्याने बंधनकारक असल्याने ही चूक महागात पडते.

याच राज्यातील मानहाइम शहराचा मध्यभाग तर रस्त्याच्या नावावर भिस्त ठेवणाऱ्यालाही गोंधळात टाकणारा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी चौकोनी आखणीने वसवलेल्या या भागात बहुतेक रस्त्यांना पत्त्यात स्थान नाही. घरांच्या प्रत्येक चौकोनी गटाला एक अक्षर आणि एक अंक आहे, आणि घर क्रमांक त्या गटाभोवती फिरत जातात. परिणामी एकाच रस्त्यावर समोरासमोर असलेल्या दोन घरांचे पत्ते एकमेकांशी जुळत नाहीत. मात्र अक्षरे राजवाड्यापासून क्रमाने पुढे जातात हे एकदा कळले की कोणालाही न विचारता नेमक्या दारापर्यंत जाता येते. जपानमध्येही बहुतेक रस्त्यांना नावे नसून विभाग, गट आणि इमारत असा मोठ्याकडून लहानाकडे पत्ता उतरत जातो.

प्रवासात सर्वांत मोठा फरक वाहकाच्या अनुपस्थितीचा आहे. जर्मनीतल्या मेट्रोला किंवा लोकल गाडीला बहुधा फाटक नसते, म्हणून प्रवास फुकट आहे असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात तपासनीस अचानक येतात आणि वैध तिकीट नसल्यास ६० युरो भरावे लागतात. काही शहरांत कागदी तिकीट विकत घेणे पुरेसे नसते, ते फलाटावरच्या किंवा गाडीतल्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो आणि तो नसेल तर पैसे भरूनही प्रवासी विनातिकीट ठरतो. बसमध्ये उतरण्यासाठी आधी बटण दाबावे लागते, कारण थांब्यावर कोणी चढणारे-उतरणारे नसेल तर चालक पुढे निघून जातो. लंडनच्या बसमध्ये तर जुलै २०१४ पासून रोख पैसेच चालत नाहीत. एक गोष्ट मात्र बिडकीनच्या माणसाला उपजत कळेल: स्टुटगार्टच्या लोकलवरही क्रमांकाशेजारी शेवटच्या स्थानकाचे नाव असते, आणि ‘पैठण’ पाहून बिडकीनला उतरणारा प्रवासी आपले स्थानक त्या वाटेवर आहे का, हेच तिथेही पाहतो.

आपल्याकडे आकड्यांचा पत्ता अगदीच नवा आहे असे नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिनकोड हा कोकणात जन्मलेले संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे काम होय. त्यातला पहिला अंक देशातला विभाग आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. पण पिनकोड टपाल कार्यालयापाशी थांबतो आणि तिथून पुढे पुन्हा पोस्टमनची ओळखच लागते. आता बिडकीनच्या शेजारी ऑरिक ही औद्योगिक नगरी सेक्टर आणि भूखंड क्रमांकांनी आखली गेली आहे, आणि तिथे कामाला येणाऱ्या परप्रांतीय किंवा परदेशी माणसाची अडचण नेमकी उलटी असणार आहे: तो घर क्रमांक आणि थांब्यावरचे वेळापत्रक शोधेल, आणि उत्तर मात्र वाहकाकडे किंवा चहाच्या टपरीवर असेल. बसथांब्यावर गावातल्या गल्ल्या आणि ऑरिकचे सेक्टर एकाच नकाशात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत दाखवणारा फलक लावणे ग्रामपंचायतीला आणि एसटीला अवघड नाही, आणि तो कारखाने पूर्ण क्षमतेने सुरू होण्याआधी लागला पाहिजे.