जोड्या लावा

आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला कापसाचा बोळा प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरून दोनदा फिरवला की वाळकी पेस्ट निघते आणि खालून बारीक अक्षरांची ओळ दिसू लागते : ३.०० गिगाहर्ट्झ / ६ एम / १३३३ / ०६. हा इंटेलचा कोअर टू ड्युओ ई ८४००, जानेवारी २००८ मध्ये बाजारात आलेला. गिऱ्हाईक पहिला आकडा विचारतं, कारण जाहिरातीत तोच मोठा असतो. दुरुस्तीच्या टेबलाशी बसलेले दादा तिसरा आकडा आधी वाचतात. हा प्रोसेसर कोणत्या मदरबोर्डावर चालेल, याचं निम्मं उत्तर त्या १३३३ मध्ये असतं.

टेबल मुंबईत, लॅमिंग्टन रोडवरच्या एका लहानशा गाळ्यात आहे. कचेऱ्यांतून बाद झालेले संगणक गोळा करून ते चालू स्थितीत शाळांना द्यायचे, असं काम आमचा एक छोटा गट करतो. आलेल्या यंत्रांपैकी कुणाचा बोर्ड गेलेला असतो, कुणाचा प्रोसेसर. उरलेल्या चांगल्या भागांच्या जोड्या लावायच्या, म्हणजे मुलांपुढे चालता संगणक उभा राहतो. ही जोडणी मी दादांच्या शेजारी बसून बघत आले, आणि आता थोडीफार स्वतः करते.

आमच्याकडे येणारा बहुतेक माल एलजीए ७७५ सॉकेटचा. हे सॉकेट २००४ च्या जूनमध्ये आलं आणि पुढची काही वर्षं इंटेलचे पेंटियम ४, पेंटियम डी, कोअर टू ड्युओ, कोअर टू क्वाड असे सगळे त्यातच बसले. ७७५ पिना सॉकेटमध्ये, प्रोसेसरच्या पोटाला नुसते सपाट सोनेरी ठिपके. साडेसदतीस मिलिमीटरचा चौकोन, दोन कडांना दोन खाचा. खाचा जुळवून अलगद ठेवला, चौकट मिटली, तरफ दाबली की बसला. नवशिका इथेच फसतो, कारण यातला कुठलाही प्रोसेसर यातल्या कुठल्याही बोर्डात असाच बसतो. चालेलच, याची हमी मात्र कुणी देत नाही.

हमी शोधायची तर आधी बसचा वेग समजून घ्यावा लागतो. त्या काळात रॅमचा कारभार प्रोसेसरकडे नव्हता, बोर्डावरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपकडे होता. प्रोसेसरला रॅममधलं काहीही हवं असलं तरी ते फ्रंट साइड बसवरूनच यायचं. ही बस एका वेळी आठ बाइट वाहून नेते. ८०० च्या बसवर सेकंदाला ६.४ गिगाबाइट, १३३३ वर सुमारे १०.६ गिगाबाइट. झाकणावर १३३३ लिहिलेलं असलं तरी बसचं खरं घड्याळ ३३३ मेगाहर्ट्झचं असतं. तबल्यात लेहऱ्याची लय तीच राहते आणि वादक एका मात्रेत चार बोल बसवतो, तशी ही चौगुण आहे : घड्याळाच्या एका ठोक्यात माहितीचे चार हप्ते. ८०० म्हणजे २०० ची चौगुण, १०६६ म्हणजे २६६ ची. प्रोसेसरचा आतला वेगही याच मूळ ठोक्यावरून निघतो. ई ८४०० चा गुणक ९, म्हणून ३३३ गुणिले ९, झाले ३ गिगाहर्ट्झ.

हा ठोका येतो कुठून, तेही दादांनी बोर्डावर बोट ठेवून दाखवलं. चंदेरी डबीतला एक स्फटिक, त्यावर १४.३१८ हा आकडा. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतही हाच स्फटिक होता. अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या चौपट असा हा आकडा. त्याची कंपनं शेजारच्या क्लॉक जनरेटर चिपमध्ये जातात आणि तिथून २००, २६६ किंवा ३३३ चा ठोका तयार होतो.

यांपैकी कुठला ठोका द्यायचा, हे प्रोसेसर स्वतः मागून घेतो. त्याच्या पोटावरच्या तीन ठिपक्यांना बीसेल म्हणतात. तिन्ही शून्यावर असले तर मागणी २६६ ची. त्यातला ठरावीक एक वर गेला की मागणी ३३३ ची. पेंटियमच्या सुरुवातीच्या काळात हीच गोष्ट बोर्डावरचे जंपर हलवून माणसाला करावी लागे. आता मागणी आपोआप होते. ती पुरी करण्याची ताकद बोर्डात आहे का, ते बघणं मात्र माणसाकडेच राहिलं.

त्यासाठी बोर्डांची वाटणी चिपसेटप्रमाणे होते. ९१५ चे बोर्ड ८०० पर्यंत जातात आणि दोन कोअरचा प्रोसेसर घेत नाहीत. ९४५जी १०६६ पर्यंत जातो. जी ३१ आणि जी ४१ चे बोर्ड १३३३ पर्यंत, म्हणून ई ८४०० साठी हात आधी त्या ढिगाकडे जातो. ९४५ वर तो ठेवला तर बहुतेकदा पंखा फिरत राहतो आणि डिस्प्ले येत नाही. एखादा बोर्ड त्याला २६६ वर चालवूनही घेतो, पण मग ९ पट होतात २.४ गिगाहर्ट्झच. उलटी अडचणही आहे. जुना ५३३ चा सेलेरॉन डी जी ४१ वर टाकता येईल असं वाटतं, पण जी ४१ ची सुरुवातच ८०० पासून होते.

बस जुळली की मी खूश होते. दादा अजून झालेले नसतात.

“ताई, ही ओळ शेवटपर्यंत वाचा,” ते म्हणतात.

शेवटचा ०५ए किंवा ०६ हा आकडा विजेच्या गरजेचा गट सांगतो. ई ८४०० ला ६५ वॅट पुरतात, काही पेंटियम डी १३० वॅटपर्यंत जातात. बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग तेवढा दणकट हवा. सुरुवातीच्या अनेक ९४५ बोर्डांवर कोअर टू ड्युओ चालला नाही तो याच कारणाने : बस जुळत होती, व्होल्टेज देण्याची पद्धत जुळत नव्हती. तिसरी पायरी बायोसची. बोर्डानंतर जन्मलेल्या प्रोसेसरची ओळख बायोसमध्ये नसते. मग जुना, चालणारा प्रोसेसर लावून बायोस अपडेट करायचा आणि त्यानंतर नवा बसवायचा. एवढ्यासाठी दादा साध्यातला साधा सेलेरॉनही टाकून देत नाहीत.

मग चाचणी. कॅबिनेट नाही, बोर्ड पुठ्ठ्यावर उघडाच. रॅमची एक पट्टी, बारा व्होल्टचं चार पिनांचं कनेक्टर, सेल काढून पुन्हा घातलेला. एक छोटी बीप आणि डिस्प्ले. विंडोज उघडल्यावर सीपीयू-झेड लावून आकडे बघायचे : बस ३३३, रेटेड १३३३. यंत्र निवांत असताना गुणक ६ वर उतरतो आणि वेग २ गिगाहर्ट्झ दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काम दिलं की तो ९ वर जातो.

एक जुनी युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. २६६ च्या प्रोसेसरचा बीसेलचा एक ठिपका चिकटपट्टीने झाकला की तो ३३३ मागू लागतो. १.८६ गिगाहर्ट्झचा ई ६३०० असा २.३३ वर पळतो. मी विचारलं तेव्हा दादांनी मान हलवली.

“शाळेत एप्रिलमध्ये पंखा नसतो. तिथे मागेल तेवढंच द्यायचं.”

हे वाक्य मला या सगळ्या कामाचं मर्म वाटतं. जोडी लावायची ती सर्वात वेगवान आकड्यासाठी नव्हे, वर्षानुवर्षं न कुरकुरता चालण्यासाठी.

नोव्हेंबर २००८ मध्ये कोअर आय ७ आला, रॅमचा कारभार प्रोसेसरच्या आत गेला आणि तिथून फ्रंट साइड बस मागे पडत गेली. प्रश्न मात्र मिटला नाही. २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ याच आकाराच्या सॉकेटमध्ये आले, पण त्यांना ३०० मालिकेचे नवे बोर्ड लागले. सहाव्या-सातव्या पिढीच्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांत ते बसतात, इंटेलच्या हिशेबाने चालत नाहीत. येत्या काळात शाळांसाठी जे जुने संगणक आमच्याकडे येतील, त्यात ही जोडगोळीही असेल.

म्हणून ‘डिस्प्ले येत नाही’ एवढ्यावर यंत्र भंगारात काढणाऱ्या प्रत्येक कचेरीला माझी विनंती आहे : आधी झाकणावरची ओळ वाचा, बोर्डाचं मॉडेल वाचा, त्या बोर्डाची प्रोसेसर-यादी उघडून बघा. दोन्ही भाग चांगले असतात आणि केवळ एकमेकांचे नसतात, असं आम्हाला वारंवार आढळलं आहे. योग्य जोडीदार शोधून देणारं माणूस ज्या गावात आहे, तिथल्या शाळेला संगणकासाठी देणगीदाराची वाट बघत बसावं लागत नाही. हे कौशल्य तालुक्याच्या आयटीआयमध्ये, अशाच जुन्या बोर्डांच्या ढिगासमोर बसवून, रीतसर शिकवायला हवं.