दिसतो तो किरण नव्हे!

गेल्या हिवाळ्यात अमावस्येची रात्र गाठून आमच्या महाविद्यालयातील काही मुले आकाशदर्शनासाठी पन्हाळ्यावर निघाली आणि "सर, तुम्हीही चला की!" म्हणत मलाही घेऊन गेली. मराठीच्या मास्तराला ताऱ्यांतले फारसे कळत नाही. पण कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटरवर निवांत काळोख मिळतो, एवढ्या लोभाने मी गेलो.

गडावर पोचताच पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या मित्रांनी खिशातून पेनाएवढी नळी काढली आणि कळ दाबली. क्षणात एक सरळ, हिरवी काठी आभाळात उभी राहिली. तिचे टोक थेट कृत्तिकांना टेकलेले!

"शक्ती केवढी हो या यंत्राची?" मी विचारले.

"पाच मिलिवॅट. पंधरा वॅटचा दिवा जेवढी वीज खातो, तिचा तीन हजारावा भाग!"

"मग इतका लांब किरण दिसतो कसा?"

"किरण दिसतच नाही," मित्र हसले. "दिसते ती हवा."

घरातला कवडसा आठवा. त्यात तरंगणारी धूळ थोडा उजेड आपल्याकडे फेकते, म्हणूनच त्याची वाट दिसते. इथे ते काम धुळीबरोबर हवेचे रेणूही करतात. आकाश निळे दिसते तेही याच विखुरण्यामुळे. हवेचे रेणू तांबड्या किरणापेक्षा हिरवा किरण दुपटीहून अधिक विखुरतात. शिवाय ५३२ नॅनोमीटरचा हा हिरवा रंग आपल्या डोळ्याला ६५० च्या तांबड्यापेक्षा सुमारे आठपट उजळ वाटतो. म्हणून तेवढ्याच शक्तीच्या तांबड्या नळीची काठी आभाळात जवळजवळ दिसतच नाही.

आणखी एक गंमत. नळीजवळ उभे राहिले की आपली नजर किरणाच्या कडेकडेने जाते आणि उजळलेल्या हवेचा लांबच लांब पट्टा एकदम डोळ्यांत येतो. मी पन्नास पावले बाजूला गेलो, तर काठी अगदी फिकी पडली! चंद्र असता किंवा शहराचे दिवे जवळ असते, तर तीही दिसली नसती. टोक चांदणीला टेकते, हाही दृष्टीचाच भास. वर हवा विरळ होत जाते, तसा विखुरलेला उजेड संपतो. किरण मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत वातावरण ओलांडून पुढे निघून जातो.

एवढ्यात एका पोराने नळी हातात घेतली आणि मौजेने खाली वळवली. घाटाच्या वळणावरून एक मोटारसायकल वर येत होती. मित्रांनी झडप घालून त्याचा हात धरला.

"अरे, वाटेत सांडलेला उजेड एवढासा. बाकीचा जवळजवळ सगळा समोरच्याच्या डोळ्यांत जातो!"

शंभर मीटरवर हा ठिपका तळहाताएवढा पसरतो; पण काळोखात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत विस्फारलेली असते. ऐन वळणावर स्वार क्षणभर आंधळा व्हायला तेवढे पुरे आहे. विमानाच्या चालकालाही हाच धोका. जवळून रोखून पाहिले, तर डोळ्याच्या पडद्यालाच इजा होऊ शकते. मिरवणुकांतले झोत तर याहून कितीतरी प्रखर! २०२३ च्या गणेशोत्सवानंतर महाराष्ट्रात अशा झोतांनी तरुणांचे डोळे दुखावल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

पोरगा ओशाळला. "सर, काठीच वाटली हो," एवढेच म्हणाला. खरे सांगू? मलाही काठीच वाटली होती.

परतताना मला अंबाबाईचा किरणोत्सव आठवला. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, मग मध्यभागी आणि शेवटी मुखाला स्पर्श करतात, अशी परंपरा आहे. हवेत धूळ आणि बाष्प फार असले, तर ते वाटेतच क्षीण होतात. म्हणजे जो उजेड वाटेत सांडला, तो मुक्कामी पोचत नाही. आणि जो पोचतो, तो वाटेत दिसत नाही.

तेव्हा मुलाच्या हाती अशी नळी दिसली, तर काठीकडे पाहत बसू नका. ती कुणाकडे रोखलेली आहे, ते आधी पाहा.